मधली सोंगटी

मिशिमा
८ एप्रिल १९५६

काका,

तुम्ही पाठवलेला धुरावलेला मुळा मिळाला. आईनं हिवाळ्यात लोणच्याला घातलेल्यातला हा शेवटचा, असं तुम्ही चिठ्ठीत लिहिलंत. गुरुजींच्या पत्नींनी, म्हणजे आमच्या बाईंनी, तो कापून सगळ्यांना वाढला. सगळे म्हणाले, योकोतेच्या मुळ्याला तोड नाही. मीही मान डोलावली. खरं सांगते, मला चव कळलीच नाही. दाताखाली कुरकुर वाजलं, एवढंच.

कशी आहेस म्हणून विचारलंत. बरी आहे. सकाळी ओसरी पुसते, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या धुऊन कोरड्या करते, जुन्या गाजलेल्या डावांची मांडणी करते, जेवते, झोपते. फेब्रुवारीत आई गेली तेव्हा घरी येऊन परत आल्यापासून एकदाही रडू आलेलं नाही. काड्यांनी अस्थी वेचताना आत्याच्या हातातून त्या निसटत होत्या, माझ्या नाही. आत्या सगळ्यांना सांगत होती, पोरगी खंबीर आहे. मी खंबीर नाही काका. बर्फात हात फार वेळ राहिला की गारही लागत नाही नि दुखतही नाही, तसं झालंय.

एक तक्रार करते. या घरात राहून तीन वर्षं होतील, पण कुरोसु गुरुजी माझ्याशी एकच डाव खेळलेत, मी इथे आले त्या दिवशी. त्यानंतर नाही. पाठीमागून जातात, पट बघतात, खोकतात, निघून जातात. याला शिकवणं म्हणतात का? तुम्हीही याच घरात शिकायला होतात, तुम्हाला माहीत असेल.

आणखी एक. हल्ली मी पहिली सोंगटी पटाच्या बरोब्बर मधे ठेवते. ठरवून नाही, हातच तिकडे जातो. आम्हा शिष्यांत सगळ्यात मोठा ओबा, तो म्हणतो, काळ्याची पहिली सोंगटी समोरच्याच्या डाव्या हाताजवळच्या कोपऱ्यात ठेवायची ही रीत आहे, मधे ठेवणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर जांभई देणं. पण कोपऱ्यात सोंगटी ठेवली की घर बांधायला घ्यावं लागतं. मला सध्या घर बांधायचा कंटाळा आलाय.

व्यावसायिक खेळाडू होण्याच्या शरदातल्या परीक्षेला कोणाला बसवायचं ते गुरुजी उन्हाळ्याआधी ठरवतील. ज्यांना बसवणार नाहीत त्यांनी आपापल्या घरी जायचं. वयानं मला आता एकदोनच संधी उरल्यात. बाबांना सांगा, मी बरी आहे.

किनुयो


योकोते
१६ एप्रिल १९५६

किनुयो,

इकडे छपरावरचा बर्फ आता कुठे घसरायला लागलाय. खालच्या लाकडी चपलांच्या दुकानदाराच्या डोक्यावर परवा अख्खा ढीग पडला, तो दिवसभर मला शिव्या घालत होता, जणू मीच वरून ढकलला. पत्राच्या सुरुवातीला ऋतूचं एक वाक्य असतं, ते असं. तू थेट मुळ्यावर आलीस. तुझ्या आईनं पाहिलं असतं तर पत्र परत पाठवलं असतं.

आता तुझ्या मधल्या सोंगटीबद्दल. मी ती दुकानावरच्या आमच्या खेळाच्या खोलीत खेळून बघितली. समोर लाकडाचा व्यापारी इसोगाई होता. त्यानं पट बघितला, मला बघितलं, आणि म्हणाला, "तोकुसान, चष्मा घरी राहिला का? कोपरा तिकडे आहे." खोलीभर खसखस पिकली. मी हरलो, ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच खेळलो आणि पुन्हा हरलो. का हरलो ते लक्षात आलं. सोंगटी ठेवली मधे, नि दोन चाली होत नाहीत तोच मी नेहमीसारखा कोपऱ्याकडे धावलो. ती बिचारी मधे एकटी उभी, पाहुण्यासारखी. जी सोंगटी आपण ठेवतो तिच्याशी नंतर बोलावं लागतं, पोरी.

कोपरा दोन भिंती फुकट देतो, म्हणून शहाणी माणसं आधी कोपरे, मग कडा, शेवटी मध्य. हे मी तुला शेंगदाण्याएवढी होतीस तेव्हा शिकवलं. मधे चारी भिंती स्वतःला बांधाव्या लागतात. मधल्या सोंगटीचा फायदा एकच, शिडी. समोरचा तुझ्या सोंगटीला तिरपं तिरपं हाकत नेतो, तुझी सुटका नसते, त्याला शिडी म्हणतो आपण. मधे तुझा माणूस उभा असला की कुठल्याही कोपऱ्यातून निघालेली शिडी त्याच्यावर येऊन मोडते. तेव्हा मारामारी कडेला कर, पण तिला मधे ओढून आण. हे जमत नसेल तर रीतीनं कोपरा धर. गुरुजींच्या देखत तर धरच.

तुझ्या बाबांचं, दादाचं म्हणशील तर तो कामात आहे. गिऱ्हाइकांची पिंपं बाजूला ठेवून त्यानं देवदाराचा आंघोळीचा टब करायला घेतलाय. घरातला जुना गळतो. मी म्हटलं, एकट्या माणसाला एवढा मोठा कशाला? तर म्हणाला, उन्हाळ्यात किनुयो येईलच. 

गुरुजी खेळत नाहीत याबद्दल कुरकुर करू नकोस. त्या घरात तसंच असतं.

तोकुसाबुरो काका


मिशिमा
९ मे १९५६

काका,

ऋतूचं वाक्य. कुंपणाला काहीतरी जांभळं फुललंय. नाव विचारलं नाही.

मधली सोंगटी ठेवून मी ओबाला हरवलं. आधी दोनदा हरले, तुमच्यासारखीच, कोपऱ्याकडे पळून. तिसऱ्या वेळी तुमचं ऐकलं. तो डावीकडून माझ्या दोन सोंगट्यांच्या मागे लागला, मी पळत पळत त्याला मधे आणलं, आणि तिथे शिडी मोडली. मग त्याचीच माणसं अडकली; सगळ्या चालींची नोंद सोबत जोडलीय.  ओबा हरलो म्हणाला, वाकला, उठला आणि विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आला. फुसाए माझ्याच खोलीत झोपते, ती म्हणाली, तुला आनंद झाल्यासारखा दिसत नाही. नव्हताच झाला. हरले तेव्हा वाईटही वाटलं नव्हतं. फुसाए म्हणते, तू खेळतेस ते पटाच्या बाहेर उभी राहून खेळतेस. असेल.

एक मात्र झालं. त्या डावाच्या वेळी गुरुजी मागे येऊन उभे राहिले आणि खोकले नाहीत. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. ओबा नंतर म्हणाला, असला उद्धटपणा गुरुजींसमोर केलास तर तुझं काही खरं नाही.

बाबांना टब नको म्हणावं. नाहीतर राहू दे, करू देत. हाताला काम असलेलं बरं.

तुम्ही या घरातून परत का आलात ते मला कोणी कधी सांगितलं नाही. छाती बिघडली होती असं आई म्हणायची.

किनुयो


योकोते
१७ मे १९५६

किनुयो,

चेरीचा बहर येऊन गेला. यंदा बघायला गेलो नाही, दादा नको म्हणाला. तुझ्या कुंपणावरचं जांभळं बहुतेक विस्टेरिया असणार. विचारून बघ, फुलाचं नाव विचारायला पैसे पडत नाहीत.

ओबाला हरवलंस हे वाचून मी इसोगाईला तो अख्खा डाव मांडून दाखवला. त्यानं सगळ्या सोंगट्या मोजल्या. मग म्हणाला, "पोरीला मारायचं कळतं, पण काही राखायचं कळत नाही." त्याचं तोंड वाईट, पण नजर वाईट नाही. मीही तेच पाहिलं. तू सगळं सोडून देतेस. उजवीकडचा भाग द्यायची गरज नव्हती, दिलास. खालचा दिलास. जिंकलीस कारण ओबा गोंधळला. गुरुजी गोंधळणार नाहीत. सोडून देणं ही मोठी विद्या आहे, मी चाळीस वर्षं शिकतोय. पण ज्याला काही हवं असतं त्यानंच सोडायचं असतं. ज्याला काहीच नकोय त्यानं सोडलं तर ते नुसतं सांडणं.

माझी छाती थोडी बिघडली होती हे खरं आहे. बाकी पुढे कधी.

टब झाला. दादानं त्याला आतून असा घासलाय की हात फिरवला तर रेशीम लागतं. पाणी अजून घातलेलं नाही.

तोकुसाबुरो काका


मिशिमा
४ जून १९५६

काका,

पाऊस लागलाय. एवढंच वाक्य पुरे.

गुरुजींनी मला बोलावलं आणि म्हणाले, येत्या रविवारी माझ्याशी खेळायला बस. आल्या दिवशी त्यांनी मला आधीच पटावर सोंगट्या मांडू दिल्या होत्या, लहान पोराला द्यावी तशी सवलत. या वेळी तसलं काही नाही, तू काळं घे, बरोबरीनं खेळ, असं म्हणाले. इथे बरोबरीनं खेळायला कोणालाच बसवलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणजे परीक्षेला बसवायचं ठरलं असणार, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

आनंद व्हायला हवा. होईल कदाचित रविवारी.

सगळे माझ्याशी फार चांगले वागताहेत. ओबानं माझ्या वाट्याची ओसरी न सांगता पुसली. आंघोळीला पहिला नंबर मला देतात. बाईंनी काल माझा उसवलेला किमोनो स्वतः शिवून दिला आणि माशाचा मधला तुकडा मला वाढला. फुसाए मात्र विचित्र वागते, मी खोलीत गेले की उठून बाहेर जाते. मत्सर असेल. तिच्याकडून असं अपेक्षित नव्हतं.

पहिली सोंगटी कुठे ठेवू ते लवकर कळवा. तुम्ही म्हणाला होतात, गुरुजींसमोर कोपराच धर. तुम्ही सांगाल तसं करीन. मला दोन्ही सारखंच आहे.

किनुयो


योकोते
६ जून १९५६

किनुयो,

ऋतूचं वाक्य आज राहू दे. हे पत्र खास टपालानं पाठवतोय, रविवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून. तुझं पत्र वाचून मी खोली बंद केली, इसोगाईलाही हाकललं, आणि बसून राहिलो. लिहू की नको, हेच ठरेना. त्या घरात जुन्यांना हे ठाऊक असतं, पण ज्याचा डाव असतो त्याला कोणी सांगत नाही. सांगू नये अशीच रीत आहे, शिष्यानं मोकळ्या मनानं खेळावं म्हणून. मी ती रीत मोडतोय.

गुरुजी आपल्या शिष्याशी दोनच डाव खेळतात. एक तो घरात येतो त्या दिवशी. दुसरा त्याला घरी पाठवायचं ठरलं की. तो डाव बरोबरीनं खेळतात, कारण तो शिकवणीचा डाव नसतो, निरोपाचा असतो. डाव संपला की शिष्य वाकून नमस्कार करतो आणि त्याच दिवशीची गाडी धरतो. फुसाएला मत्सर नाही, पोरी. तिला तुझ्याकडे बघवत नाही.

माझाही झाला होता तो डाव. सकाळी बसलो. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण दाराशी माझी वेताची पेटी बांधून ठेवलेली दिसली आणि कळलं. कळल्यावर मी काय केलं? रीतीनं कोपरा धरला. मग दुसरा कोपरा. एकही चाल अशी खेळलो नाही की गुरुजींना थांबून विचार करावा लागेल. वाटलं, शहाण्यासारखं वागलो तर राहू देतील. जेवणाच्या आत डाव संपला. बाईंनी गाडीसाठी भाताचे गोळे बांधून दिले, ते मी पुलावरून नदीत टाकले. छातीचं दुखणं घरी सांगायला बरं पडलं.

तुला परत पाठवताहेत याचं मला आश्चर्य वाटत नाही, हेही सांगतो. तू गेल्या फेब्रुवारीपासूनच तिथे नाहीस. गुरुजींनी ते पाहिलं असणार. पण तुला तिथे राहायचंय की नाही, हे तू मला एकदाही लिहिलेलं नाहीस. मलाही माहीत नाही. तुला माहीत आहे का?

कोपरा धर म्हणालो होतो, ते मागे घेतो. पहिली सोंगटी कुठे ठेवायची ते मी सांगणार नाही.

दादाला अजून काही बोललो नाही. तू आलीस तर टब तयार आहे. दिवा लागेल घरात. त्याला फार बरं वाटेल, तेही खोटं नाही.

काका


मिशिमा
१२ जून १९५६

काका,

कुंपणाच्या खालच्या बाजूला हायड्रेंजिया फुललीत. पावसानं अजून फिकी आहेत, बाई म्हणतात आठवड्याभरात निळी होतील. मी विचारलं.

तुमचं पत्र शनिवारी आलं. वाचून घडी घातली. रागही आला नाही. फुसाएला म्हटलं, मला कळलंय, आता खोलीत ये. ती आली आणि रडली. मी तिची पाठ थोपटली.

रविवारी मागच्या खोलीत पट मांडलेला होता. येताना दाराशी माझी पेटी बघितली, दोरी छान गुंडाळून बांधली होती, ओबाच्या हातची गाठ. मी बसले, वाकले आणि पहिली सोंगटी मधे ठेवली. खरं कारण सांगते, उद्धटपणा नव्हता. कोपऱ्यात ठेवायला हात पुढे केला होता, पण आता जायचंच आहे तर इथे घर कशाला बांधा, असं वाटलं.  गुरुजींनी कोपरा घेतला. मग दुसराही घेतला.

सकाळभर मी नेहमीसारखी खेळले. उजवीकडचं दिलं, वरचं दिलं. देताना काही वाटत नव्हतं. मग गुरुजी माझ्या मधल्या सोंगटीवर आले. एक एक करून तिच्या वाटा बंद करायला लागले. हिशेब सोपा होता. ती सोडून द्यायची, त्या बदल्यात खालची कड घ्यायची, आणि थोडक्यात हरायचं. नीट, सभ्यपणे. मी खालच्या कडेला सोंगटी ठेवायला हात उचलला.

आणि ठेवली नाही. काका, मला ती सोंगटी हवी होती. का ते सांगता येणार नाही. एकटी होती, सगळ्यांनी घेरलेली होती, आणि मीच तिला तिथे ठेवलं होतं. मला ती हवीच होती. फेब्रुवारीपासून मला काही हवं वाटलंय असं ते पहिल्यांदा. माझे कान गरम झाले. एवढा वेळ विचार केला की बाईंनी जेवणाची ताटं आणून परत नेली. मग मी खालची कड सोडली आणि मधे चाल केली. चाल बरी नव्हती. खालची सगळी कड गेली. पण सोंगटी मेली नाही, अजून तरी.

गुरुजी पुढे वाकले. खोकले नाहीत. पाऊस थांबला, पुन्हा लागला. एकदा त्यांनी डब्यात हात घातला, सोंगटी उचलली आणि परत ठेवली. असं मी त्यांना कधी करताना बघितलेलं नाही. दिवेलागण व्हायला आली तेव्हा ते म्हणाले, "आज इथे थांबू."

मी वाकले. पांढऱ्याला, वरच्या मानाच्या खेळाडूला, वाटेल तेव्हा डाव थांबवता येतो हे माहीत होतं, पण निरोपाचा डाव कोणी थांबवतं का? दारात बाई भाताच्या गोळ्यांचं पुडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, हिची गाडी चुकेल ना.

गुरुजी पटावरून नजर न हलवता म्हणाले, "खेळी माझी आहे. मला विचार करायचाय."

मग त्यांनी स्वतः पटावर कापड घातलं आणि आत गेले. बाई पुडकं घेऊन तशाच उभ्या. ओबानं माझी पेटी उचलून परत खोलीत नेऊन ठेवली आणि गाठ सोडत बसला. सुटेना त्याच्याच्यानं, इतकी घट्ट बांधली होती गाढवानं. रात्रीच्या जेवणाला आम्ही तेच भाताचे गोळे खाल्ले. गार झाले होते. आत खारवलेली आलुबुखारं होती. काका, इतकी आंबट होती की माझे डोळे मिटले. आणि मग मला थांबवता येईना. सगळ्यांसमोर, तोंडात घास, मी आई गं, आई गं करत रडत होते. बाईंनी कोणालाही उठू दिलं नाही. सगळे खाली मान घालून जेवत राहिले.

मी मागेच आहे डावात. गुरुजींनी खेळी केली की बहुधा हरेन, आणि मग यावं लागेल. पण मला यायचं नाही. तुम्ही विचारलं होतंत ना, म्हणून सांगते. मला इथे राहायचंय. बाबांना कसं सांगायचं ते मला कळत नाही.

आईच्या मुळ्यातला एखादा तुकडा उरलाय का हो?

किनुयो


योकोते
२१ जानेवारी १९५७

किनुयो,

बर्फ खिडकीच्या वर गेलाय, आम्ही पोस्टात बोगद्यातून जातो. तुझं नववर्षाचं कार्ड मिळालं. गुरुजींनी अजून खेळी केलेली नाही, तू रोज सकाळी पटावरचं कापड झटकतेस, आणि परीक्षेचं त्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हणून सोडून दिलं, एवढंच तू लिहिलंस. बाकी सोंगट्या कुठे आहेत ते लिहिलं नाहीस, बरं केलंस. अर्ध्यावर थांबलेल्या डावात बाहेरच्यानं नाक खुपसायचं नसतं. मला झोप लागत नाही हे खरं, पण मी विचारणार नाही. इसोगाई विचार म्हणून मागे लागलाय, त्याला म्हटलं, चष्मा घरी ठेवून ये. मात्र एक सांगतो. याला दया समजू नकोस. ते दया करत नाहीत, माझ्यावर केली नव्हती. त्यांना खरंच चाल सुचलेली नसणार.

जूनमध्ये तुझं पत्र मी दादाला वाचून दाखवलं होतं. सगळं, शेवटच्या ओळीसकट. तो उठून पिंपं ठोकायला गेला. उन्हाळाभर टबाला हात लावला नाही, पाणीही घातलं नाही. सार्वजनिक न्हाणीघरात जायचा. मी समजलो, रागावलाय. शरदात एके दिवशी बघतो तर दादा शेतावरून मुळ्यांचा भारा घेऊन आला. चुलीवर टांगून धूर दिला, आठवडाभर आमच्या दोघांचे डोळे लाल. तुझ्या आईचं मुळ्याचं रिकामं पिंप कोपऱ्यात आहे, त्याला तो हात लावू देत नाही. मुळे घालायचे कशात? त्या टबात घातले. एवढ्या मेहनतीनं घासलेला देवदाराचा टब, त्यात कोंडा, मीठ आणि मुळे, वर धोंडा. मी म्हटलं, दादा, पोरीच्या आंघोळीचा टब ना हा? म्हणाला, पोरगी तिकडे आंघोळ करते.

सोबत त्यातले मुळे पाठवतोय. फार खारट झालेत, आईसारखे नाहीत. बाईंना आधीच सांगून ठेव. पण चव कशी लागली ते दादाला लिही, मला नको. तो पत्राची वाट बघतो, दाखवत नाही.

फेब्रुवारीत आईचं वर्ष आहे. गुरुजींची परवानगी काढून ये. येताना परतीचं तिकीट तिथूनच काढून आण, असं दादानं मला दोनदा बजावून सांगितलंय. इथे आल्यावर काढायला वेळ होईल, म्हणाला, आणि तिचा डाव अर्धा आहे.

काका